तेल लावलेला कागद

आमच्या शाळेत चित्रकलेचा तास आठवड्यातून दोनदा असायचा आणि गणिताचा भाग मागे राहिला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडायची. “बाई, आजचा तेवढा तास मला द्या,” असं गणिताचे सर इतक्या अदबीनं म्हणायचे की नाही म्हणायला तोंड उघडत नसे. माण तालुक्यातल्या त्या हायस्कूलमध्ये मी तीस वर्षं काढली. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा, करून लागले तेव्हा चित्रकलेचं म्हणून एक कपाट माझ्या ताब्यात आलं. दोन पितळी तांबे, एक कानतुटकी किटली, मेणाची चार फळं आणि उंदरांनी कुरतडलेली कागदांची चळत, एवढा सगळा संसार. मेणाच्या आंब्यावर कुणाच्या तरी दातांच्या खुणा होत्या.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आठवीतल्या एका मुलानं लक्ष्मीचं चित्र आणून दाखवलं. कमळावर उभी, चार हात, मागे हत्ती. रेघ इतकी स्वच्छ की मला शंका आली. वही नाकाशी नेली, तर खोबरेल तेलाचा वास. खेड्यात बटर पेपर कुठून मिळणार? पोरं साध्या कागदावर तेलाचं बोट फिरवतात. कागदाच्या आरपार दिसायला लागतं. तो कॅलेंडरवर ठेवून रेघ गिरवायची, उलट बाजूनं पेन्सिल घासायची आणि वहीवर ठेवून पुन्हा गिरवायची. “छापलंयस ना?” मी विचारलं. त्यानं मान हलवली. मी वर्गासमोर ते पान टरकावलं आणि नक्कल म्हणजे चोरी, असंही काहीबाही बोलले. डिप्लोमा नवा होता, त्याची रग होती.

गंमत अशी की त्याच महिन्यात मी त्याच वर्गाकडून एलिमेंटरी ह्या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेची तयारी करून घेत होते, आणि तेव्हा त्या परीक्षेत मुक्तहस्तचित्राचा पेपर असायचा. छापून आलेला वेलबुट्टीचा नमुना समोर ठेवायचा आणि पट्टी-कंपास न लावता मोठा करून काढायचा. म्हणजे सरकारी शिक्क्याची नक्कलच. पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. तो मुलगा मात्र मागच्या बाकावर गेला आणि परीक्षेला बसला नाही.

औंधला पहिली सहल नेली ती त्याच्या पुढच्या वर्षी. मुख्याध्यापकांना ‘संग्रहालय’ म्हटलं की खर्च दिसायचा, म्हणून अर्जात ‘श्री यमाई दर्शन व संग्रहालय’ असं लिहिलं. यमाईला कोण नाही म्हणणार? आगारात जाऊन प्रासंगिक करारावर एसटी ठरवली, संमतिपत्रांवर आयांचे अंगठे घेतले आणि वडूजमार्गे निघालो. मुलांनी येताना चिंचा-बोरांनी खिसे भरले होते. औंध दिसायला लागतं ते डोंगरावरच्या देवळामुळं. वर मूळपीठाची यमाई, खाली गावात राजवाडा, आणि डोंगर चढताना मध्येच झाडीत संग्रहालयाची इमारत. देवीच्या वाटेवर चित्रं टांगायची कल्पना ज्याला सुचली, त्याला आपली माणसं नीट ठाऊक होती. चित्रं बघायला म्हणून त्या काळी कोण डोंगर चढलं असतं? देवीला निघालेला माणूस मात्र सावलीला म्हणून का होईना, दारात डोकावणार.

तो माणूस म्हणजे औंध संस्थानचे राजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून त्यांना ‘सूर्यनमस्काराचे महाराज’ म्हणतात, कारण संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी नमस्कार लागू केले आणि स्वतःही पहाटे उठून घातले. १९०९ साली गादीवर आले. उणंपुरं बहात्तर गावांचं संस्थान, तेही सलग नाही, इकडं चार गावं तर तिकडं आटपाडी. पण हौस बघा. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, ‘चित्ररामायण’ काढलं, अजिंठ्यावर पुस्तक लिहिलं, पुण्यात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम निघालं तेव्हा एक लाख रुपये देऊ केले. १९३५ साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. संग्रहालयाची इमारत १९३८ ची. राज्यकारभार रयतेच्या हाती सोपवायचा मसुदा गांधीजींच्या सल्ल्यानं तयार होत होता, तोही त्याच सुमारास. ग. दि. माडगूळकर औंधच्याच शाळेत शिकले.

हे सगळं मला पुढं हळूहळू कळत गेलं. पहिल्या दिवशी माझ्या डोक्यात होतं ते एवढंच, की चाळीस पोरं आहेत आणि काचेला हात लागता कामा नये.

आत शिरल्यावर पोरं गप्प झाली. ती भीतीनं नव्हे, उजेडानं. आमच्या गावातल्या घरांत उजेड दारातून येतो आणि जमिनीवर पडतो. इथं तो वरून, छताकडून झिरपत होता. सावल्या मऊ. दिवा कुठं दिसत नाही आणि तरी चित्र नीट दिसतं. वर्गात स्थिरचित्र मांडताना मी खिडकीला वर्तमानपत्रं लावून, बाक सरकवून जो प्रकाश आणायला धडपडायची, तो इथं कुणीतरी इमारत बांधतानाच विचार करून आणलेला होता.

आणि मग पुतळे लागले. ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या पांढऱ्याशुभ्र प्रतिकृती. आठवी-नववीच्या पोरांपुढं एकाएकी उघडी अंगं. पोरी एकमेकींच्या पाठीमागं लपल्या, पोरं खाकरायला लागली, सोबत आलेले शिपाईमामा भिंतीवरच्या पाटीचा मोठ्या भक्तिभावानं अभ्यास करू लागले. मी काय केलं? “चला, पुढं चला” म्हणून रांग हाकलली. शरीरशास्त्र शिकलेली बाई मी, पण मलाच घाम फुटला होता. घरी जाऊन पोरींनी सांगितलं तर पालक काय म्हणतील, हीच धास्ती.

पुढच्या दालनात युरोपातल्या चित्रांच्या नकला. पाटी वाचली, ‘प्रतिकृती’. आणखी एक, पुन्हा प्रतिकृती. मला खरं सांगायचं तर राग आला. इतक्या लांब आणली पोरं आणि दाखवायचं काय, नक्कल? मूळ चित्रं असतील तिथं थांबायचं आणि बाकी भराभर उरकायचं, असं मी मनाशी ठरवलं. तसं थांबण्यासारखंही पुष्कळ होतं. राजा रविवर्मा, धुरंधर, कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, औंधातच वाढलेले माधव सातवळेकर. त्यांचे वडील पंडित सातवळेकर हे वेदांचे भाष्यकार म्हणून सगळ्यांना माहीत, पण तेही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार.

रविवर्म्याच्या चित्रासमोर मी पोरांना सहा पावलांवर उभं केलं आणि विचारलं, पदराला काय आहे? जर आहे, सगळे म्हणाले. मग दोघादोघांना पुढं नेलं. हात पाठीमागं बांधून, नाक चित्रापासून वीतभर. जर कुठं गेली? तिथं नुसते पिवळे, मातकट, जरासे पांढरे ठिपके-फराटे. एक फराटा तर किनारीच्या बाहेर गेलेला. पुन्हा मागं आणलं, पुन्हा जर. एका पोरीनं हा खेळ चार वेळा केला. पोस्टर कलरनं चित्र रंगवताना हीच पोरगी रेघेच्या आत रंग बसवण्यासाठी जीव टाकायची. परतल्यावर तिचे रंग जरा सैल झाले, एवढं खरं.

तिथंच उभी असताना मला ती तेलकट लक्ष्मी आठवली.

कारण ती लक्ष्मी ह्याच माणसाची होती. रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर चढल्या, त्यांच्यावरून दुसऱ्यांनी छापल्या, त्यावरून कॅलेंडरं निघाली, काडेपेट्या निघाल्या. त्या पोराच्या घरी खिळ्याला अडकवलेलं खताच्या दुकानाचं कॅलेंडर म्हणजे त्या वंशाची कितवी पिढी, देव जाणे. आणि त्याच्यावर तेलाचा कागद ठेवून त्यानं पुढची पिढी काढली होती. चित्रकारानं स्वतः हौसेनं, कर्ज काढून ज्या गोष्टीचा कारखाना चालवला, ती गोष्ट केली म्हणून मी एका पोराचं पान फाडलं होतं.

असं काही मनात आलं की माणूस लगेच बदलतो, असं नाही. मी बदलले नाही. सहलीनंतरही छापलेल्या चित्राला मी लाल शाईनं फुलीच मारत होते. पण दर दोन-तीन वर्षांनी औंधला जात राहिले आणि दर खेपेला त्या प्रतिकृतींपाशी थोडी जास्त रेंगाळू लागले. धुरंधरांचं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ वाचलं. त्या पिढीचं जे. जे. मधलं शिक्षण पाश्चात्त्य पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून झालेलं. म्हणजे ज्या दालनातून मी पोरांना हाकललं, ते खरं तर चित्रकाराचं बालवाडीचं दालन होतं. खातवळ-मोळसारख्या गावातलं पोर फ्लॉरेन्सला कधी जाणार? १९३८ साली तर साताऱ्याला जाणंही अप्रूप. पंतांनी त्यावर जो उपाय काढला तो एखाद्या मास्तराला सुचावा तसा आहे: मूळ परवडत नाही ना, मग चांगली नक्कल आणा, पण पोरांच्या डोळ्यांसमोर ठेवा. माझं असं मत झालंय की औंधचं संग्रहालय हा राजाचा खजिना कमी आणि शाळेचं कपाट जास्त. फक्त माझ्या कपाटापेक्षा बरंच मोठं, आणि उंदीर नसलेलं.

अजिंठ्याची कथा तर याहून विलक्षण. रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं वर्षानुवर्षं लेण्यात बसून भिंतींवरच्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जे. जे. चे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन गेले. १८७२ पासून पुढं तेरा वर्षं पुन्हा सगळं उतरवत बसले. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांतलेच. ह्या सगळ्यांच्याही कितीतरी नकला १८८५ साली दुसऱ्या एका आगीत गेल्या. तोवर इकडं भिंतीवरचा रंग पोपडे धरून गळतच होता. आज तिथल्या एखाद्या कोपऱ्यात पूर्वी काय होतं हे बघायचं, तर उरलेली नक्कल शोधावी लागते. मूळ गेलं आणि नक्कल साक्षीला राहिली. हे मी नववीच्या वर्गात सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, “बाई, मग त्यांना शिव्या नाही बसल्या?” मी खिडकीबाहेर बघितलं.

औंधला जाऊन जी वस्तू पोरं हमखास चुकवतात, ती म्हणजे हेन्री मूरचं ‘माता आणि बालक’. जगभरच्या संग्रहालयांत ज्याची शिल्पं मानानं मांडतात, त्या माणसाचं हे अस्सल काम, दगडातलं, खटाव तालुक्यात. नवीन शिक्षक सोबत असले की त्यांना हे सांगताना माझा आवाज उगीच चढतो. पोरांना मात्र त्याचं काहीही नाही. नाक-डोळे रेखीव नाहीत, दागिना नाही, गुळगुळीत गोलाई तेवढी. एका खेपेला एक मुलगी बघून फिसकन हसली. “बाई, ह्याला डोळंच न्हाईत की!” तिच्याशेजारी एक मेंढक्याचा पोरगा उभा होता. वर्षातले सहा महिने त्याचं घर कोकणाकडं चाललेलं असायचं. तो शांतपणे म्हणाला, “आमच्या बिरोबाला तरी कुठं हाईत?”

यावर कुणी हसलं नाही. आमच्या भागात शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला दगड असतो, त्याला म्हसोबा म्हणतात. घडवलेली मूर्ती नाही, नुसता तांदळा. त्याला डोळे लावले तर लावले, नाही तर नाही. देव म्हणायला अडत नाही. ही सवय घेऊन आलेल्या पोराला मूर समजावून सांगायची गरज नव्हती, मी उगीच इतकी वर्षं तोंडाची वाफ दवडत होते. पोरगा दगडाभोवती फिरून मागून बघून आला. पुढून दिसतं त्यापेक्षा मागून जास्त आई वाटते, असं काहीसं तो मित्राला सांगत होता. मीही मागे जाऊन बघितलं. इतक्या वर्षांत मी मागे गेलेच नव्हते.

मूरचीही एक नकलेची गोष्ट आहे, ती मला फार आवडते. खाणकामगाराचा हा मुलगा लंडनच्या रॉयल कॉलेजात शिकत असताना, १९२२ साली, त्याला एका जुन्या इटालियन शिल्पातल्या डोक्याची संगमरवरी नक्कल करायला सांगितली. रीत अशी होती की मोजमापाचं यंत्र लावायचं, त्यानं दगडात टोचे मारत खोली मोजायची आणि तेवढंच खोदायचं. मूरनं यंत्र बाजूला ठेवलं, नुसत्या नजरेनं ते डोकं खोदलं आणि शेवटी मास्तरांना संशय येऊ नये म्हणून यंत्राचे खोटे टोचे वरून मारून ठेवले. माझ्या वर्गातलं पोर छापून आणतं आणि हातानं काढलंय म्हणून सांगतं. ह्यानं हातानं काढलं आणि छापलंय असं भासवलं. वर्गात ही गोष्ट सांगायला लागल्यापासून माझी लाल शाई बरीच कमी लागली. छापून आणलेलं चित्र दिसलं की मी एवढंच म्हणायची, “आता कागद काढून ठेव आणि हेच शेजारी बघून काढ. मग दोन्ही दाखव.” पोरांचं दुसरं चित्र वेडंवाकडं यायचं, पण ते का वेडं आलं हे त्यांना पहिल्यावरून कळायचं. हत्तीची सोंड कमळाच्या मागून जाते की पुढून, हे गिरवताना लक्षात येत नाही, बघून काढताना अडायला होतं.

तो मागच्या बाकावरचा मुलगा मला पुढं भेटला तो शाळेच्याच आवारात. शाळेला अनुदान आलं होतं, व्हरांड्याच्या भिंती रंगवायच्या होत्या. ठेका तालुक्याच्या एका पेंटरला दिला, त्यानं हाताखाली आणलेला कारागीर म्हणजे हा. मधल्या काळात ट्रॉल्यांवर नावं लिहीत होता, दुकानांच्या पाट्या करत होता. फ्लेक्स आले आणि ते काम बसलं. भिंतीवर शिवराज्याभिषेक काढायला घेतला होता. हातात पुठ्ठ्याला चिकटवलेलं पोस्टकार्डाएवढं चित्र, त्यावर पेनानं आखलेले चौकोन, आणि भिंतीवर दोऱ्याला नीळ लावून उठवलेले तेवढेच मोठे चौकोन. एकेका चौकोनात जेवढं दिसतं तेवढंच काढत पुढं सरकत होता. मी मधल्या सुट्टीत चहा घेऊन गेले. मला बघून शिडीवरून उतरला, पाया पडला आणि हसत म्हणाला, “बाई, छापलं नाही बरं का. चौकोन टाकलेत.”

मी त्याला त्या पानाबद्दल काही बोलले नाही. काय बोलणार? “महाराजांचा हात चांगला आलाय,” म्हटलं. तो म्हणाला, “हातच अवघड असतो.” मग आम्ही बराच वेळ हातांबद्दल बोललो. तो मनगटापासून सुरुवात करतो, मी मुलांना बोटांपासून शिकवत होते. त्याचंच बरोबर वाटतं. पुढच्या वर्षीपासून मी मनगटापासून शिकवलं.

निवृत्तीच्या आधीच्या डिसेंबरात शेवटची सहल नेली. यमाईपुढं पोरं रांगेत उभी राहिली, खाली येऊन झाडाखाली भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कुणाच्या डब्यात गुळपोळी. मग संग्रहालय. पुतळ्यांच्या दालनात आता मी रांग हाकलत नाही. “हसायचं असेल ते हसून घ्या, मग खांदे बघा,” म्हणते. दोन मिनिटं हसतात आणि मग खरंच खांदे बघतात. शिपाईमामा कधीच निवृत्त झाले. नवे मामा मोबाइलमध्ये असतात.

पोरं पसरली तशी मी झोळीतून वही काढली. तीस वर्षांत इथं येऊन मी स्वतः एकही रेघ ओढली नव्हती, कायम कुणाचा तरी हात काचेपासून लांब ठेवण्यात गेलेली. दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “पेन्सिल चालेल, रंग नको.” एका युरोपियन चित्राच्या प्रतिकृतीसमोर जमिनीवरच बसले. कुणा अनाम भारतीय चित्रकारानं मन लावून केलेली ती नक्कल. मूळ मी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. बाईचा मांडीवर टेकलेला हात काढायला घेतला. मनगट आधी. वरचा उजेड पानावरही तसाच मऊ पडत होता.

अर्धाएक तास गेला असेल. पाठीमागं कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. सातवीतली एक पोरगी होती. ती एकदा चित्राकडं बघत होती, एकदा माझ्या वहीकडं.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “अंगठा लांब झालाय.”

मी बघितलं. झाला होता. माझा खोडरबर झोळीच्या तळाशी कुठंतरी होता, म्हणून तिचाच मागून घेतला.